राखून ठेवलेला प्रश्न

ग्लासवर चमचा तीनदा वाजला की कूस बदलायची, हे शब्द भर सभागृहात ऐकू आले आणि अधिकाऱ्यांच्या सज्जात मांडीवर फायली घेऊन बसलेल्या कक्ष अधिकाऱ्याच्या काळजात धस्स झालं. तोवर सगळं कसं बिनबोभाट चाललं होतं. प्रश्न त्याच्या खात्याचा, उत्तर त्याच्या हातचं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून दोनदा सरकारी परिचारिका घरी येत असे, त्या फेऱ्या बहुतेक घरी बंद झाल्या आहेत, हे खरे आहे काय. असल्यास कारणे काय. नसल्यास वस्तुस्थिती काय. उत्तर : हे खरे नाही. योजनेची फेररचना करण्यात आली आहे. उर्वरित प्रश्न उद्भवत नाही. हे शेवटचं वाक्य तो इतकी वर्षं लिहीत आला होता की खात्यातली माणसं पाठीमागे त्याला 'उद्भवत नाही' म्हणायची. ते कानावर आलं तेव्हा त्याला राग यायच्याऐवजी बरंच वाटलं होतं. सरकारी नोकरीत नाव पडायला तरी नशीब लागतं. तर मंत्रीबाईंनी उत्तर पटलावर ठेवलं, दोघातिघांनी नेहमीचे उपप्रश्न विचारले, त्यांनी नेहमीची उत्तरं दिली, आणि अध्यक्ष पुढचा प्रश्न पुकारणार एवढ्यात मागच्या बाकावरून तो ठरलेला आवाज आला : "अध्यक्ष महोदय, अजून एक."

या सदस्याचं नावच सज्जातल्या लोकांनी 'अजून-एक' पाडलेलं. आमदारकीच्या आधी त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि दुकानदाराची ती सवय काही सुटली नव्हती : गिऱ्हाईक पैसे देऊन निघालं तरी हा काउंटरवर वाकून विचारणार, आणि झोप लागते का रात्री? सभागृहात तो ओरडायचा नाही, कागद फाडायचा नाही. पोट जरा पुढे, चष्मा कपाळावर, आणि आवाज इतका खालच्या पट्टीत की त्याचं ऐकायचं म्हणून बाकीचे आपोआप गप्प व्हायचे. म्हणूनच खातं त्याला टरकून असे. आरडाओरडा करणाऱ्याला उत्तर द्यावंच लागत नाही, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण. "उत्तरात फेररचना म्हटलंय," अजून-एक म्हणाला, "तर मी एका घरात काय चालतं ते सांगतो. एक आजारी बाई आहे आणि तिला सांभाळणारी एक बाई आहे. आजारी बाईला हाक मारायला दम पुरत नाही, म्हणून उशाशी स्टीलचा ग्लास आणि चमचा ठेवलाय. एकदा वाजला तर पाणी, दोनदा वाजला तर ओलं झालंय, तीनदा वाजला तर कूस बदलायची. सांभाळणारी मला म्हणाली, वळवताना त्यांना दुखतं, म्हणून दर वेळी मी त्यांची माफी मागते. आणि मला त्रास म्हणून त्या माझी मागतात. माफी मागता मागता शेवटी दोघींना हसू फुटतं. अध्यक्ष महोदय, ज्यांनी माफी मागायची ते सगळे इथं बसलेत. त्या घरी येणारी परिचारिका का बंद झाली, एवढंच विचारतो." आणि तो खाली बसला. एरवी कुणी ना कुणी बाक बडवतो. आज कुणी बडवला नाही.

ते हसू! सज्जात बसलेल्या त्याला दुसरं काही ऐकूच येईना. सकाळी तो आरशासमोर दाढी करत असताना भिंतीपलीकडून ते हसू येई. आधी आईचं, खोकल्यासारखं, मग बायकोचं, दाबलेलं. गेले कित्येक महिने तो ते ऐकत होता. एकदा गालाला साबण तसाच ठेवून दारापर्यंत गेलाही होता. "काय झालं?" त्यानं विचारलं होतं. बायको चादरीची सुरकुती काढत होती. "काही नाही," ती म्हणाली. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, तीही म्हणाली, "काही नाही रे." आणि तो परत जाऊन दाढी करू लागला. त्याला वाटलं होतं, बायकांचं काहीतरी असेल. आपल्याला सांगण्यासारखं नसेल. मग हे त्या औषधवाल्याला सांगण्यासारखं कसं झालं? कुठं बसून सांगितलं? काय तोंड करून सांगितलं? सांगतानाही हसली का? त्याच्यासमोर? ज्या हसण्याचं कारण नवऱ्याला भिंतीतून मिळालं नाही, ते त्या ढेरपोट्याला खुर्चीवर बसून मिळालं, आणि आज ते तो सगळ्या जगाला वाटत सुटला होता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती काय, हे त्याला वयाच्या बावन्नाव्या वर्षी, वातानुकूलित सज्जात, टाय लावून बसलेला असताना कळलं.

मग एकेक शनिवार आठवू लागले. शनिवारी त्याला सुट्टी. शनिवारी ती म्हणायची, "जरा आईंकडे बघा हं, मी भाजी घेऊन येते," आणि तास-दीड तासानं यायची. तासभर भाजी! आणि आल्यावर पिशवीत काय, तर जुडीभर पालक आणि चार लिंबं. पण चेहरा मात्र अंघोळ करून आल्यासारखा. तिला असं हलकं होऊन आलेलं पाहून त्याला बरंच वाटत असे, बाहेरची हवा लागली म्हणून. हवा! ती हवा कुठल्या खोलीत खेळत होती ते आता कळत होतं. शनिवारी अजून-एकचं कार्यालय लोकांसाठी उघडं असतं, हे खात्यात पोरासोरांनाही ठाऊक होतं; सोमवारी त्याचे प्रश्न येऊन आदळायचे ते तिथूनच. आणि सगळ्यात खुपलं ते वेगळंच. त्या तासभरात आई चमचा कधी वाजवत नसे. तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसे, आणि बायको आली की फुशारकी मारी, "बघ, माझ्या राज्यात एकदासुद्धा वाजला नाही." बायको पिशवी खाली ठेवून आधी आत धावायची, आणि पाठोपाठ आतून ती माफी-माफीची कुजबुज. आई मुद्दाम वाजवत नव्हती, हे त्याच्या टाळक्यात आत्ता शिरलं. तासभर एकाच कुशीवर, दात आवळून पडून राहायची, पण मुलाला म्हणून बोलवायची नाही.

"चिठ्ठी," शेजारी बसलेले सचिव दातांतल्या दातांत म्हणाले. "अहो चिठ्ठी द्या, बाई इकडे बघतायत."

मंत्री उभे राहून अडखळले की सज्जातून चिठ्ठी जाते, शिपाई ती वाकून पुढे नेतो, आणि मंत्री जणू आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखं ते वाचतात. इतकं साधं काम. पण या मंत्रीबाईंची एक गंमत होती : हाती आलेलं त्या जसंच्या तसं वाचायच्या. मागं एकदा कुणीतरी चिठ्ठीवर 'सावकाश वाचा' लिहिलं होतं, तर बाईंनी तेही वाचून दाखवलं होतं, सावकाश. तेव्हापासून खात्याचा नियम ठरला : जे माइकवर ऐकू यावंसं वाटतं तेवढंच लिहायचं. नव्या लोकांना हा नियम शिकवणारा हाच. हसत हसत शिकवायचा. आणि त्या क्षणी, सचिवांच्या कोपराचा धक्का बरगडीत, समोर पांढरा कागद, खाली बाकावर चष्मा पुसत बसलेला अजून-एक, अशा त्या क्षणी त्याला एकच हवं होतं. त्या माणसाचं तोंड बंद व्हायला हवं होतं. तू कोण रे आमच्या घरातलं सांगणारा? तुला काय ठाऊक आमच्या घरातलं? मला ठाऊक आहे. माझं आहे ते घर. त्यानं लिहिलं, अक्षर नेहमीसारखं सुबक, फक्त कागद जरा फाटला : 'सदर कुटुंबात सून पूर्णवेळ घरी असते. मुलगा शासकीय सेवेत आहे. नियमानुसार सेवा अनुज्ञेय नाही. तक्रार अतिरंजित.'

शिपायानं चिठ्ठी नेली. मंत्रीबाईंनी घसा खाकरला. "सन्माननीय सदस्यांना सांगू इच्छिते," आणि वाचलं. सून पूर्णवेळ घरी असते. मुलगा शासकीय सेवेत आहे. सगळं वाचलं, ठसक्यात. खाली बसल्या. आणि एक विलक्षण शांतता झाली, म्हणजे सगळेच जण आपण काय ऐकलं ते मनात पुन्हा ऐकत आहेत अशी. अजून-एक उभा राहिला, या खेपेस चष्मा कपाळावर न चढवता. "अध्यक्ष महोदय, अजून एक. मी म्हटलं एक आजारी बाई आणि एक सांभाळणारी बाई. सासू म्हटलं नाही, सून म्हटलं नाही, मुलाचं तर नावही काढलं नाही. गाव नाही, गल्ली नाही. मग मंत्रीमहोदयांना हे घर सापडलं कसं?" आणि मग जे हसणं उसळलं ते हसणं आणि जो गलका झाला तो गलका. कुणी म्हणालं, घराघरांत माणसं ठेवलीत वाटतं. कुणी म्हणालं, घर माहीत असूनही परिचारिका बंद केली म्हणजे कमालच झाली. मंत्रीबाईंनी वळून सज्जाकडे असं पाहिलं की सचिवांनी फायलीत डोकं घातलं. अध्यक्षांनी घंटा वाजवून वाजवून शेवटी सांगितलं, प्रश्न राखून ठेवण्यात येत आहे, शासनानं त्या कुटुंबाची खरी स्थिती तपासून परवा सभागृहाला सांगावी. तो खुर्चीत बसला होता तसाच बसून राहिला.

बाहेर आल्यावर सचिव ओरडले नाहीत, हे जास्त वाईट. "तुम्हाला कसं ठाऊक होतं कुठलं घर ते?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "अंदाजानं लिहिलं, साहेब." सचिवांनी त्याच्याकडे पाहिलं. "अंदाजानं? तुम्ही? जो माणूस स्वल्पविरामालाही आधार मागतो तो?" आणि मग हळू आवाजात, "हे बघा, ते घर शोधा, जाऊन बघा, आणि काय असेल ते परवा सकाळपर्यंत लिहून माझ्या टेबलावर आणा. सभागृहाला खोटं सांगितलं असं निघालं तर बाई जाणार नाहीत, मी जाणार नाही. जाणार कोण, ते तुमचं तुम्हाला कळतं." जाऊन बघा! रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला तो त्या घरात जातच होता. नियमही त्याचाच होता. गेल्या वर्षी खर्च कमी करायचा निघाला तेव्हा 'घरात काळजी घेणारी सक्षम व्यक्ती उपलब्ध असल्यास सेवा अनुज्ञेय नाही' हे कलम त्यानंच एका दुपारी लिहिलं होतं, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी पाठ थोपटली होती. एका वाक्यात निम्म्याहून जास्त परिचारिकांचा खर्च वाचला. त्याच्याही घरची बंद झाली. तो एक फोन करता तर चालू राहिली असती. पण त्यानं केला नाही, आणि घरी येऊन छाती पुढे काढून सांगितलं होतं, "सगळ्यांना सारखाच नियम." बायको तेव्हा काहीच बोलली नव्हती. त्याला ते कौतुक वाटलं होतं.

चहाच्या खिडकीपाशी गर्दी होती. त्याला चहा नको होता. त्याला त्या माणसाकडे जवळून बघायचं होतं. काय आहे याच्यात? शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, बूट मळके, चहा बशीत ओतून पिण्याची पद्धत. अजून-एकनं त्याला पाहिलं आणि तोच जवळ आला. "साहेब, ती चिठ्ठी तुमची ना?" आवाजात टोमणा नव्हता, तेच तर चीड आणणारं होतं. तो म्हणाला, "खात्याची." "बरं, खात्याची. मला एवढंच सांगा, ते घर कुठं आहे? मलाच ठाऊक नाही हो. ती बाई सगळं सांगते, पण पत्ता विचारला की हसते. नुसतं नाव लिहून जाते वहीत, ते खरं की खोटं देव जाणे. एकदा सहज म्हटलं, मिस्टर काय करतात? तर म्हणाली, लिहितात. मला वाटलं, लेखक असतील." आणि अजून-एक हसला, निर्मळ. त्याला मात्र हसता येईना. लिहितात! अख्ख्या आयुष्याचं तिनं एका शब्दात उरकून टाकलं होतं, आणि त्या एका शब्दात त्याची नोकरीही झाकून ठेवली होती. हे त्याला कळलं. पण कळूनही त्याला आणखी हवं होतं. "अजून काय म्हणाल्या त्या?" त्यानं विचारलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून चपापला. "म्हणजे, उत्तरासाठी. माहिती म्हणून." अजून-एकनं बशी खाली ठेवली. त्याच्या टायकडे पाहिलं, खिशातल्या पेनकडे पाहिलं, बोटांना लागलेल्या शाईकडे पाहिलं. दुकानात बसून माणसाचा चेहरा वाचायची सवय. "फार काही नाही," अजून-एक म्हणाला. "येते, पाणी पिते, बाकीच्या बायकांचं ऐकते. पुष्कळदा आपलं सांगतच नाही. एकदा मी म्हटलं, ताई, मग येता कशाला उन्हातान्हात? तर म्हणाली, इथं कुणी 'आणि?' असं विचारतं." मग त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "बरं. येतो मी. परवा भेटू." आणि ओळखून न ओळखल्यासारखा तो निघून गेला. हा मोठेपणाही त्या माणसाकडेच असावा, याचा त्याला भयंकर राग आला.

घरी जाताना तो नेहमीच्या थांब्याच्या एक थांबा आधी उतरला आणि चालत राहिला. काय काय बोलायचं ते जुळवत होता. पहिल्यांदा वाटलं, फाडफाड बोलावं : माझ्या घरातलं चव्हाट्यावर मांडायला तुला लाज वाटली नाही? मग वाटलं, नाही, गप्प बसावं. मूग गिळून बसलं की तिलाच टोचेल. चपलांच्या दुकानाच्या काचेत त्यानं स्वतःला पाहिलं. टाय, पेन, हातात फाईल. हा माणूस कुणाला कधी 'आणि?' म्हणाला असेल का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं तो विचार झटकला. ती काही कमी बोलत होती असंही नव्हतं. परिचारिका बंद झाल्यावर पहिले काही दिवस जेवताना ती काहीतरी काढायची. आज आईंच्या कमरेला लाल झालंय. आज मला एकटीला उचलता नाही आलं. आणि तो, दिवसभर उत्तरं लिहून आंबलेला, घास हातात धरून म्हणायचा, "लेखी दे बुवा. पंधरा दिवस आधी सूचना लागते." एकदा "उपप्रश्न नकोत" असंही म्हणाला होता. तीही हसली होती. नक्की हसली होती. त्याला ते हसू आता नीट आठवून बघायचं होतं, पण आठवत होता तो फक्त स्वतःचा विनोद.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, आता आवाज बंद करून. आई सभागृहाचं प्रक्षेपण रोज लावायला लावायची. कळायचं काही नाही, पण सज्जाच्या कोपऱ्यात मुलाचा अर्धा खांदा दिसायचा, तो बघायला. शेजारणीला सांगायची, "तो बघा, तो खांदा आमचा." म्हणजे दोघींनी सगळं पाहिलं-ऐकलं होतं. बायको स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती, पाठमोरी, कुकरची शिट्टी धुवत. "आलात?" ती म्हणाली. पाणी पुढे केलं. त्यानं ग्लास घेतला नाही. जुळवलेलं सगळं विरघळून गेलं आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "तू त्याच्यासमोर हसलीस?"

ती वळली. "कुणासमोर?"

"त्या औषधवाल्यासमोर. माफीचं सांगताना. हसलीस का?"

"अहो, तुमच्या चिठ्ठीनं तिकडे गोंधळ झालाय, नोकरीवर बेतलंय, आणि तुम्हाला हे विचारायचंय?"

"हो. हेच विचारायचंय." आवाज चढला तसा त्यानंच तो खाली आणला, आतल्या खोलीकडे बघून. "मी दारात येऊन विचारलं होतं. काय झालं म्हणून. तू म्हणालीस काही नाही. मला काही नाही, आणि त्याला सगळं. पोटात दुखणार नाही तर काय होईल माणसाला?"

"रडले," ती म्हणाली. "हसले नाही त्याच्यासमोर. सांगता सांगता रडू आलं. हसतो आम्ही इथं." तिनं हात पुसले. "आणि तुम्ही दारातून विचारलंत. तोंडाला साबण लावून. खरं उत्तर ऐकायला थांबला नाहीत. काही नाही म्हटल्यावर सुटल्यासारखे गेलात. मी पाहिलं ना."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, लेखी दे, पंधरा दिवस आधी दे. म्हटलं, बरं. जिथं लेखी घेतात तिथं जाऊन दिलं." हे बोलताना तिच्या आवाजात भांडण नव्हतं, थकवाही नव्हता; बाजारात हिशेब चुकला तर सांगावं तसं ती सांगत होती. "नाव चुकीचं दिलं. पत्ता दिला नाही. तुम्ही काय करता ते सांगितलं नाही. वाटलं, घर कुणाचं ते कळायला नको, तुमच्यावर यायला नको. आणि तुम्ही स्वतःच उठून पत्ता सांगितलात. तोही माइकवर. 'सून पूर्णवेळ घरी असते.'" तिनं पुसलेले हात पुन्हा पुसले. "पूर्णवेळ! बरोबर लिहिलंत हो. अतिरंजित तेवढं लिहायला नको होतं."

तो खुर्चीवर बसला. मग टाय सैल केला, फाईल उघडली आणि तिथंच स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहू लागला, कारण दुसरं काही करायला त्याला येत नव्हतं. (१) हे अंशतः... हात आपोआप तिकडेच वळला. त्यानं 'अंशतः' खोडलं. हे खरे आहे. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं एवढं उघडंबोडकं कधी लिहिलं नव्हतं. (२) सदर कुटुंब या खात्याच्या कक्ष अधिकाऱ्याचे असून सेवा बंद करणारे कलम त्याच अधिकाऱ्याने लिहिलेले आहे. सभागृहात दिलेली माहिती त्याच अधिकाऱ्याने पुरवली होती. सदर घरातील व्यक्ती सक्षम आहे, परंतु ती एकटी आहे. कलम रद्द करण्याचे प्रस्तावित आहे. परवा हे वाचलं गेलं की आपली खुर्ची गेली, निदान सज्जातली तरी, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही त्याच्या मनात नोकरीचा विचार येत नव्हता. तिनं हे वाचावं आणि काहीतरी म्हणावं, एवढंच येत होतं. त्यानं कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं तो उभ्यानंच वाचला, सावकाश, दोनदा. डोळे भरले, तेवढं त्याला दिसलं. मग कागद परत त्याच्याकडे सरकवून ती म्हणाली, "चांगलं लिहिलंय. त्यांना द्या. विचारलं त्यांनी होतं."

आतून चमचा वाजला. एकदा. दोनदा. जरा थांबून तिसऱ्यांदा. बायकोनं कुकर पुसायला घेतला होता, ती हलली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो उठला.

खोलीत औषधाचा आणि टाल्कम पावडरीचा वास होता. आई भिंतीकडे तोंड करून होती. टीव्हीवर रिकामं सभागृह दिसत होतं, कुणीतरी कागद गोळा करत होतं. त्यानं वाकून तिच्या पाठीखाली हात घातला. केवढीशी झाली होती ती, आणि तरी केवढी जड. "माफ कर गं बाई," आई भिंतीकडे बघतच पुटपुटली, सवयीनं. मग तिला हात लागले, बोटांची ठेवण, मनगटावरचं घड्याळ, आणि तिचं अंग एकदम कडक झालं. "तू होय," ती म्हणाली. माफीबिफी काही मागितली नाही. पाहुण्याकडे थोडीच मागतात. "आई, माफ कर," तो म्हणाला, कारण तेच म्हणायचं असतं हे त्याला आज सभागृहात कळलं होतं. त्यानं वळवायला जोर लावला, चादर सोबत आली, उशी खाली पडली, टाय तिच्या तोंडावर लोंबू लागला आणि ती ना या कुशीवर ना त्या कुशीवर, मधेच अडकली. "आधी गुडघा वाकवा," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "गुडघा. तुमचा नव्हे, त्यांचा." त्यानं गडबडीनं स्वतःचा सरळ केला आणि तिचा वाकवला. कशीबशी आई वळली. घामाघूम होऊन त्यानं पाहिलं तर तिचा चेहरा आता त्याच्याकडे होता, आणि टाय अजून तिच्या नाकावर. आईनं टायकडे पाहिलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुनेकडे पाहिलं. आणि ते सुरू झालं, आधी खोकल्यासारखं, मग दारातून, दाबलेलं. दोघी त्याच्या डोक्यावरून एकमेकींकडे बघत हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो मधे वाकलेला, हात अजून आईच्या पाठीखाली. पहिल्यांदाच भिंत मधे नव्हती.

"काय झालं?" त्यानं विचारलं. या खेपेला तो उत्तरासाठी थांबला.

"काही नाही," बायको म्हणाली.

"काही नाही रे," आई म्हणाली.